वाडु मनोडे

रविवार, सकाळी नऊचा खेळ.
फिल्म सोसायटीनं मागवलं होतं दुसरंच,
पेटीतून निघालं ब्राझील.
जुनं, ओरखड्यांचं, शेवटचं रीळ गायब.
दस्तगीरभाई म्हणाले, लावतो की,
पैसे परत कोण देत बसणार?

मी तेव्हा बूथमध्ये पेट्या उचलायचो.
फुकट पास, म्हणून आई आली,
आली ती सूप घेऊनच.
अंधारातही विडीवालीचे हात चालतात,
आणि सोमवारी हजार मोजून द्यायच्या होत्या.

खाली इंग्रजी अक्षरं होती म्हणे.
पण आमचा पडदा आखूड,
ती सगळी काळ्या झालरीवर सांडत राहिली.
कुणी उचलली नाहीत.

चौघं जण, एक खटारा ट्रक,
कुठल्याशा चर्चच्या घंटेत लपवलेला हिरा.
एक ढगळ विजारीचा,
भोपळ्यात नळी घालून सारखं काही गरम ओढणारा.
एक समुद्राकाठचा, शब्दांना तेल लावून बोलणारा.
एक नदीवरचा,
बोलायच्या आधी पाण्याकडे बघून घेणारा.
चौथा बुटका, कातडी टोपीचा.
त्याच्या गावावर तीन वर्षं ढग फिरकला नसणार,
गालांवरूनच कळत होतं.

भाषा चौघांची एकच म्हणे.
ऐकलं की कळायचं, एक नाही.
हे आम्हाला कुणी शिकवायचं?
कन्ना चौकातून अशोक चौकाकडे चालत निघा,
दर दहा दुकानांनी मराठी कूस बदलते,
कानडी हेल धरते, तेलुगूत ठेचकाळते,
बेगम पेठेत ‘कायकू’ म्हणत चहा मागते.

तिसऱ्या रांगेतून हत्तुरे मास्तरांनी जाहीर केलं,
‘विजारवाला अक्कलकोटकडचा.’
‘छ्या, इंडीचा,’ मागून कुणीतरी.
समुद्रवाला पुण्याचा, यावर मात्र
वाद झाला नाही.

बुटक्यानं तोंड उघडलं की बाकीचे तिघे हसायचे.
त्याचा शब्द जरा वाकडा पडायचा,
तिघे पोट धरायचे,
मग थिएटर,
मग मीसुद्धा.
काहीच न कळता कुणाला हसायचं हे माहीत असतं माणसाला.

आईचे हात थांबले होते.

चौथीत बाईंनी विचारलं होतं, घरून कोण आलंय?
मी म्हणालो, ‘आई आलं.’
‘चहातलं का?’ म्हणाल्या बाई.
चाळीस पोरं, बाकं वाजवून.
मी घरी सांगितलं नव्हतं.
आता आठवतं, ती दारातच उभी होती.

मग ट्रक रस्ता चुकला.
काटेरी माळ, उकळतं इंजिन,
विजारवाल्याचा भोपळा कोरडा,
नदीवाल्याला बघायला पाणी नाही,
तेलकट शब्द जिभेला चिकटलेले.
बुटका उतरला. एका झाडाच्या मुळाशी
हातांनी उकरत बसला बराच वेळ,
कलिंगडाएवढा कंद काढला,
पिळला त्यांच्या तोंडात.
आणि त्याला काय म्हणतात ते सांगितलं.

तिघांनी तो शब्द म्हणून बघितला.
तिघांचाही वाकडा पडला.

सगळ्या थिएटरात आई एकटी हसली.
खोकत, तंबाखू उडवत.
‘वाडु मनोडे,’ म्हणाली, मोठ्यानं.

मास्तर मागं वळले, ‘काय म्हणाल्या वो?’
चारचौघांत मी तेलुगूतून मराठीत कधी आलो नव्हतो,
दाराबाहेर चप्पल काढूनच यायचो.
त्या दिवशी चपलेसकट आलो.
‘आपलाच हाय तो, म्हणते.’

हिरा मिळाला की नाही, माहीत नाही.
दिवे लागले, लोकांनी शिव्या दिल्या,
दस्तगीरभाई जोडाजोडीत कापलेला तुकडा फेकत होते
तो मी खिशात घातला.

अण्णांनी तो उजेडाला धरला.
जन्म चादरीच्या मागावर गेलेला त्यांचा,
माणसं बघितलीच नाहीत त्यांनी, कडेची भोकं चाचपली.
‘जेकार्डचं कार्डच की हे,’ म्हणाले,
‘भोक कुठं पडलंय, त्यावर मोर.’

सुयांच्या डबीत आहे अजून.
आठ चित्रं. आठांतही बुटक्याचं तोंड अर्धं उघडं.
कुठला शब्द होता, कळत नाही.